टॉवेल कारखान्यात हरित पुरवठा साखळी : सुरुवात कुठून करायची?

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यात खरेदी, हिशेब किंवा निर्यातीचं टेबल नव्याने सांभाळायला लागलात, की आज ना उद्या एक एक्सेल शीट तुमच्यापुढे येणारच. सूत कुठल्या गिरणीचं? रंगाई कोण करतं? सांडपाणी कुठे जातं? किलोमागे वीज किती? पाठवणारा परदेशातला दुकानदार असेल, नाहीतर मुंबई-पुण्यातली हॉटेल कंपनी. पूर्वी असले प्रश्न मोठ्या निर्यातदारांनाच यायचे. आता सेबीच्या नियमामुळे शेअर बाजारातल्या बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल द्यावा लागतो. जर्मनीत मोठ्या कंपन्यांवर २०२३ पासून आपल्या पुरवठादारांची चौकशी करण्याचं कायदेशीर बंधन आलं. त्यांना विचारलेला प्रश्न खाली घरंगळत अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडपर्यंत येतो.

ती शीट भरणं हे शेवटचं काम. त्याआधी कारखान्यात काय करायचं, आणि त्याने धंद्याचं भलं होतं की नुसता खर्च वाढतो, ते इथे क्रमाने मांडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हरित पुरवठा साखळीचा, म्हणजे कापसापासून ग्राहकापर्यंत प्रत्येक टप्प्यावर प्रदूषण आणि नासाडी कमी करण्याचा, फायदा खरा आहे, पण काम कुठल्या क्रमाने केलं यावर तो हाती लागणं अवलंबून असतं. आधी मोजणी, मग घरातली नासाडी, मग रंगाईवाला, मग खरेदी, आणि सगळ्यात शेवटी प्रमाणपत्र. बरेच जण उलटीकडून सुरुवात करतात. मग ऑफिसात फ्रेम लागते आणि नफा-तोटा पत्रकात नुसती फी दिसते.

या विषयावर संशोधन भरपूर झालंय. २००४ साली झू आणि सार्किस यांनी चीनमधल्या कारखान्यांवर केलेला अभ्यास त्यात पायाचा समजला जातो. हरित पद्धतींचा पर्यावरणावर आणि पैशावर काय परिणाम होतो हे त्यांनी तपासलंच, शिवाय दर्जा सांभाळण्याच्या पद्धतींनी हे नातं बदलतं का तेही पाहिलं. दर्जाचा हा मुद्दा आपल्याकडे फार लागू पडतो. रंगाची छटा, म्हणजे शेड, चुकली म्हणून दुसऱ्यांदा रंगवलेलं सूत दुप्पट पाणी, दुप्पट वाफ आणि दुप्पट मीठ खातं, आणि माल उशिरा जातो तो वेगळाच.

पायरी १ : साखळी कागदावर काढा

एक मोठा कागद घ्या. डावीकडे कापूस, उजवीकडे ग्राहक. मधे जिनिंग, सूतगिरणी, डबलिंग, रंगाई, वार्पिंग, सायझिंग, माग, धुलाई, ड्रायर, कटिंग, शिलाई, तपासणी, पॅकिंग, ट्रक. प्रत्येक चौकटीखाली लिहा : काम आपल्याकडे होतं की बाहेर? बाहेर असेल तर कोणाकडे, आणि त्याच्याशी लेखी करार आहे का?

हे करताना एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. ज्याला प्रदूषण म्हणतात ते बहुतेक ओल्या कामात आहे, म्हणजे रंगाईत आणि धुलाईत. आणि सोलापुरातल्या कितीतरी कारखान्यांत नेमकं हेच काम जॉबवर बाहेर दिलेलं असतं. आपल्या शेडमध्ये माग खडखडतात, थोडी रुई उडते, वीज जळते. पाणी मात्र दुसऱ्याच्या गेटातून बाहेर पडतं. ग्राहक तुम्हालाच जबाबदार धरतो. या कामाला ‘पुरवठा साखळी’ म्हणायचं कारण हेच.

पायरी २ : किलोमागचे आकडे

महिनाभर फक्त नोंदी ठेवा, सुधारणा काहीच करू नका. एक किलो तयार मालामागे : वीज किती युनिट, इंधन किती किलो, पाणी किती लिटर, सूत वेस्ट किती टक्के, सेकंड, म्हणजे दोष असलेला, माल किती टक्के. आणि एक आकडा पर्यावरणाच्या वहीत कोणी लिहीत नाही तो : ठरल्या तारखेला किती ऑर्डरी गेल्या.

महिन्याचं एकूण वीजबिल बघून काही कळत नाही. काम वाढलं की बिल वाढणारच. किलोने भागलं की खरी गोष्ट बाहेर येते. मागाच्या शेडला, कॉम्प्रेसरला आणि बॉयलर-ड्रायरला वेगळे मीटर बसवा. मीटरचा खर्च किरकोळ असतो. कार्बनचा हिशेब कोणी मागितला तर विजेसाठी देशाच्या ग्रीडचा आकडा वापरतात : एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. केंद्रीय विद्युत प्राधिकरण तो दर वर्षी जाहीर करतं, तिथला ताजा आकडा घ्या.

नोंदी कोण ठेवणार, हे आधीच ठरवा. दिवाणजींवर हे काम ढकललं की महिनाअखेर अंदाजाने भरलेले आकडे मिळतात. शिफ्टच्या जॉबरला (मुकादमाला) मीटर वाचायला सांगा आणि फोटो काढायला लावा. पूर्व भागातल्या शेडमध्ये सूचनेचा कागद मराठीबरोबर तेलुगूतही लावला तर काम निम्मं सोपं होतं.

पायरी ३ : घरातली नासाडी

इथला पैसा सगळ्यात लवकर दिसतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि फारसं भांडवलही नाही.

पहिलं, वजन. ग्राहकाने ४५० ग्रॅमचा टॉवेल मागितलाय आणि आपला ४६५ ग्रॅमचा उतरतोय. मागवाला म्हणतो, जास्तच दिलं ना? हे १५ ग्रॅम म्हणजे ३.३ टक्के सूत फुकट. त्या सुतामागचा कापूस, रंग, पाणी, वीजही फुकट गेली. पाइल बीमचं लेट-ऑफ (टॉवेलच्या फुग्यांचा धागा मागाला किती सोडायचा ते) नीट लावून आणि दर शिफ्टला चार टॉवेल तोलून हे आटोक्यात येतं. हरित सुधारणा म्हटल्यावर लोकांना आधी सोलर पॅनेल आठवतं. मला वजनकाटा आठवतो.

दुसरं, वेस्ट. हिशेबासाठी धरा : महिन्याला १०,००० किलो सूत, वेस्ट ४ टक्के म्हणजे ४०० किलो. सुताचा भाव २५० रुपये धरला तर १ लाख रुपयांचं सूत झालं. चिंधीच्या भावाने, समजा ६० रुपयांनी, विकून २४ हजार परत आले. निव्वळ तोटा ७६ हजार. वेस्ट ३ टक्क्यांवर आणलं तर महिन्याला १९ हजार वाचतात. शिवाय रंगीत आणि पांढरं वेस्ट वेगळं ठेवलं तर भाव जास्त येतो, कारण पुनर्वापराचं सूत कातणाऱ्याला रंगानुसार वेगळा केलेला माल हवा असतो. एका पोत्यात सगळं कोंबू नका.

तिसरं, वाफ आणि हवा. ड्रायर आणि रंगाई मशिनमधून निघणारं गरम कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) गटारात सोडलेलं अजूनही दिसतं. ते बॉयलरच्या टाकीत परत आणा. बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचं (फीडवॉटरचं) तापमान ६ अंशांनी वाढलं की इंधन सुमारे १ टक्का वाचतं. कॉम्प्रेसरचा दाब गरजेपेक्षा चौरस सेंटिमीटरला १ किलोने जास्त ठेवला असेल तर विजेचा खर्च ६ ते १० टक्के जास्त येतो. रविवारी माग बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून शेडमध्ये उभे राहा. हवा कुठून सुसू करतेय ते कानांनाच कळेल.

पायरी ४ : रंगाईवाल्याशी नातं

हा भाग जरा लांबणार आहे, कारण खरा खेळ इथेच आहे.

सुती धाग्याला बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात. घातलेल्या रंगातला साधारण ६० ते ८० टक्के धाग्याला पक्का बसतो, उरलेला धुण्यात निघून जातो. रंग धाग्यावर चढावा म्हणून मीठ घालतात आणि पक्का व्हावा म्हणून सोडा अ‍ॅश. यातलं मीठ धाग्यात राहत नाही. घातलं तेवढं सगळं सांडपाण्यात जातं.

आता एक साधा हिशेब. १०० किलो सूत, गडद शेड, लिकर रेशो १:१० म्हणजे किलोमागे १० लिटर पाणी. एक बाथ, म्हणजे मशिनमध्ये एकदा भरलेलं पाणी, १,००० लिटरचा. लिटरला ७० ग्रॅम मीठ धरलं तर ७० किलो मीठ. पाणी ३० अंशांवरून ६० वर न्यायला ३०,००० किलोकॅलरी उष्णता. हेच १:६ च्या मशिनमध्ये : बाथ ६०० लिटरचा, मीठ ४२ किलो, उष्णता १८,००० किलोकॅलरी. स्कोअरिंग, ब्लीचिंग, रंग, साबण आणि धुण्याचे मिळून आठ-दहा बाथ होतात, म्हणजे एका लॉटला सव्वातीन ते चार हजार लिटर पाणी वाचलं. लडी रंगवायच्या उघड्या हौदात तर हे प्रमाण १:१० च्याही बरंच वर जातं. पाणी, मीठ आणि वाफ अशी तिन्ही बिलं एकाच बदलाने उतरतात. मात्र रेशो बदलला की जुनी रेसिपी चालत नाही. रंगाई मास्टरला लॅबमध्ये शेड पुन्हा बसवावी लागते. त्याला तेवढा वेळ द्या, नाहीतर पहिलाच लॉट परत येईल आणि सगळे म्हणतील, जुनंच बरं होतं.

मीठ कमी करणं इतकं का महत्त्वाचं? साधा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, रंग आणि गाळ काढतो, जैविक भार कमी करतो. विरघळलेलं मीठ तो काढू शकत नाही. त्यासाठी आरओ आणि त्यापुढे बाष्पीभवन लागतं, आणि बाष्पीभवन म्हणजे पुन्हा इंधन. कापड उद्योगाच्या सांडपाण्याला पीएच ६.५ ते ८.५, बीओडी ३० आणि सीओडी २५० मिलीग्रॅम प्रति लिटर (ही दोन्ही पाण्यातल्या घाणीच्या भाराची मापं) अशा मर्यादा आहेत. कोणत्या युनिटला नेमकं काय लागू होतं ते त्याच्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेलं असतं. ते पत्र मागून घ्या आणि मुदत कधी संपते ते तुमच्या डायरीत टिपा. सांडपाणी निघणारं रंगाई युनिट लाल, म्हणजे जास्त प्रदूषणाच्या, वर्गात मोडतं, त्यामुळे मंडळाची नजर त्यावर जास्त असते.

रंगाईवाल्याकडे गेलात तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग बघून मत बनवू नका. तीन गोष्टी विचारा. ईटीपीला वेगळा वीजमीटर आहे का आणि रोजचं रीडिंग कुठे आहे? ईटीपीत लागणाऱ्या रसायनांची खरेदी बिलं आहेत का? आणि गाळ कुठे जातो? तो गाळ धोकादायक कचऱ्यात मोडतो. रांजणगावसारख्या अधिकृत केंद्राकडे मॅनिफेस्टच्या कागदासह गेला पाहिजे. तिन्ही कागद एकमेकांशी जुळत असतील तर प्लांट खरंच चालतोय.

आता पैशाची बाजू. रंगाईवाल्याचे पैसे तीन-तीन महिने थकवायचे आणि ईटीपी चोख चालवा म्हणायचं, हे जमणार नाही. पैशाची ओढ लागली की ईटीपीची मोटर सगळ्यात आधी बंद होते. सरकारनेही इथे चिमटा काढलाय : आयकराच्या कलम ४३ बी (एच) नुसार, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं करार असेल तर ४५ आणि नसेल तर १५ दिवसांची मुदत उलटून वर्षअखेर बाकी राहिलं, तर त्या वर्षी ते खर्चात धरता येत नाही. उधारीची जुनी सवय आता करातही नडते.

हे सगळं कोणासाठी, असं वाटत असेल तर तमिळनाडूतलं होजियरीचं शहर तिरुपूर आठवा. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथली रंगाई युनिटं बंद करायला सांगितलं, आणि सातशेहून अधिक युनिटं थांबली. ज्यांच्या शेडमधून एक थेंब रंगीत पाणी निघत नव्हतं, त्या निटिंग आणि शिलाईवाल्यांच्या ऑर्डरीही अडकल्या. मालकाला पुरवठा साखळीतली जोखीम समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. आणि आपण तर पाण्याच्या बाबतीत मुळातच दुष्काळी जिल्ह्यातले. उन्हाळ्यात उजनीची पातळी उतरली की शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येणार याची चर्चा घरोघर सुरू होते. अशा गावात कमी पाण्यात काम करणारा रंगाईवाला मे महिन्यातही लॉट वेळेवर देऊ शकतो. म्हणून पायरी २ मध्ये ‘ठरल्या तारखेला गेलेल्या ऑर्डरी’ मोजायला सांगितलं होतं.

पायरी ५ : इंधन आणि सोलर

बॉयलरचं इंधन किलोच्या भावाने तोलू नका, उष्णतेच्या भावाने तोला. ओला बगॅस (उसाचं चिपाड) किलोला साधारण २,२०० किलोकॅलरी देतो, चांगला ब्रिकेट म्हणजे पांढरा कोळसा ३,५०० ते ४,०००. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर असले तरी बगॅस आपल्याला सहज मिळेल असं धरू नका. बरेच कारखाने तो स्वतःच्याच वीजनिर्मितीत जाळतात. तुराट्या, भुईमुगाची टरफलं यांचे ब्रिकेट मिळतात. घेताना ओल तपासा. ओल्या ब्रिकेटमध्ये आपण पाण्याचे पैसे मोजतो.

सोलरचं गणित सोलापूरच्या उन्हात चांगलं बसतं : १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे ५० किलोवॅटला महिन्याला सुमारे ६,०००. पण यंत्रमागांना राज्य सरकारची वीजसवलत असते. परतफेडीचा काळ काढताना सवलतीनंतर खरोखर भरता तो दर घ्या, विक्रेत्याच्या कागदावरचा नको. आणि जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

पायरी ६ : सूत आणि रंगाची खरेदी

रंग घेताना एकच अट सोडू नका : बंदी असलेले अ‍ॅझो रंग नकोत, आणि तसं पत्र प्रत्येक लॉट नंबरसह हवं. काही अ‍ॅझो रंग तुटून त्यातून घातक अमाइन निघतात. युरोपीय संघाच्या यादीत अशी २२ अमाइन आहेत आणि कापडात प्रत्येकाची मर्यादा किलोला ३० मिलीग्रॅम आहे. भारतातही असे रंग १९९० च्या दशकापासून बंदीत आहेत. सुटा, बिनलेबलचा स्वस्त रंग घेऊन किलोमागे काही रुपये वाचतील. कंटेनर परत आला तर वर्षाचा नफा गेला.

सुताच्या प्रत्येक खेपेला गिरणीचं नाव, लॉट आणि चलन जपा, आणि तो लॉट कुठल्या बीमवर चढला ते लिहा. याचा दुहेरी उपयोग आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेर बनलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून सर्रास विकला जातो. आपला माल खरा आहे हे दाखवायला जो कागद लागतो, तोच हरित साखळीच्या ऑडिटला लागतो.

पायरी ७ : आता प्रमाणपत्र

तेही ग्राहकाने मागितलं तरच. ओईको-टेक्स स्टँडर्ड १०० तयार मालातल्या घातक द्रव्यांची तपासणी करतं आणि वर्षभर चालतं. गॉट्स (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) सेंद्रिय कापसासाठी आहे : ‘ऑरगॅनिक’ लिहायला किमान ९५ टक्के आणि ‘ऑरगॅनिकपासून बनलेलं’ म्हणायला किमान ७० टक्के सेंद्रिय धागा लागतो. गॉट्समध्ये नवख्यांना एक अट माहीत नसते : साखळीतला प्रत्येक टप्पा तपासणीखाली आला पाहिजे, जॉबवरचा रंगाईवालाही. तो तयार नसेल तर तुमची फी वाया. पायरी ४ आधी ठेवली ती यासाठी. पुनर्वापराच्या सुतासाठी जीआरएस (ग्लोबल रीसायकल्ड स्टँडर्ड) आहे.

आठवडी बाजारात किंवा वजनावर विकणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला देत असाल तर सेंद्रिय सुताचा वाढीव भाव कोणी देणार नाही, हे स्पष्ट समजून घ्या. अशा कारखान्याला पायऱ्या २, ३ आणि ४ चा फायदा पूर्ण मिळतो, ७ चा शून्य. याउलट निर्यातदाराला प्रमाणपत्रामुळे भाव वाढून मिळेलच असं नाही, पण त्याशिवाय कोटेशनच उघडत नाहीत असे ग्राहक वाढताहेत. आणि ‘कार्बन टॅक्स लागणार’ म्हणून घाबरवणारे सल्लागार भेटले तर लक्षात ठेवा : युरोपचा सीमेवरचा कार्बन कर सध्या सिमेंट, लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, खत, वीज आणि हायड्रोजनवर आहे, टॉवेलवर नाही.

छोट्या कारखान्याने केंद्र सरकारच्या झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) योजनेपासून सुरुवात करावी. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे टप्पे आहेत, आणि प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६०, मध्यमला ५० टक्के अनुदान आहे. उद्यम नोंदणी हवी. अर्ज ऑनलाइन होतो.

पायरी ८ : पॅकिंग, ट्रक

थोडक्यात. हॉटेलला जाणाऱ्या प्रत्येक टॉवेलला वेगळी पॉलिथिन पिशवी लागत नाही. डझनाला एक पट्टी चालते का, ते विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. न्हावा-शेव्याला अर्धा भरलेला ट्रक पाठवण्याऐवजी शेजारच्या शेडबरोबर माल जोडा.

पायरी ९ : ती एक्सेल शीट

सहा महिन्यांनी पायरी २ चे आकडे पुन्हा काढा आणि शेजारी ठेवा. वेस्ट, वजन आणि वाफेचा फरक पहिल्या तिमाहीतच दिसायला हवा. रंगाईतला फरक शेड बसायला वेळ लागत असल्याने उशिरा दिसतो, आणि ग्राहकाकडचा फरक त्याहून उशिरा, पुढच्या हंगामाच्या ऑर्डरीत. मालकाला पहिल्याच महिन्यात ऑर्डर वाढल्याचं दाखवायचं वचन देऊ नका.

शीट भरताना मोजलेलाच आकडा लिहा आणि सोबत मीटरचा फोटो, चलन किंवा संमतीपत्र जोडा. जे जॉबवर होतं ते ‘आमच्याकडे लागू नाही’ म्हणून सोडू नका. ‘जॉबवर’ लिहून रंगाईवाल्याचे कागद लावा. जिथे आकडाच नाही तिथे ‘मोजणी सुरू, अमुक महिन्यापासून देऊ’ असं लिहा, आणि तो महिना ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल पेनने मांडा, कारण पुढच्या ऑडिटचा पहिला प्रश्न त्याच रांगेतला असतो.